कुळागराचे पाणी, मिठागराचे मीठ आणि पोवळ्यांचा मांडव
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आमच्या कुळागरातल्या विहिरीचे पाणी गोड आहे, टीडीएस (विरघळलेले क्षार) फक्त ४५. सॉफ्ट कोरल (दगडी सांगाडा नसलेली मऊ पोवळी) वाढवण्यासाठी एकूण साडेतीन हजार लिटरच्या तीन उथळ टाक्या केल्या. पाण्यासाठी आरओ आणि त्यापुढे डीआय (उरलेले क्षार टिपणाऱ्या रेझिनच्या दाण्यांची कांडी) बसवले. पण एक लिटर रेझिन आठ-दहा दिवसांतच रंग बदलते. एवढ्या चांगल्या पाण्यात हे का व्हावे? आरओच काढून टाकला तर? (फोंडा तालुका)

उत्तर : आरओ काढू नका. तुमचे रेझिन संपवतात ते क्षार नव्हेत. ते संपवतो पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, आणि तो टीडीएस मीटरला दिसत नाही.

जांभ्यातून झिरपलेले पाणी मऊ आणि आम्लधर्मी असते. त्याचा पीएच ६ आणि अल्कलिनिटी (आम्ल मारण्याची ताकद) लिटरला १५ मिलिग्रॅम असेल, तर त्यात हा वायू लिटरला साधारण ३० मिलिग्रॅम निघतो. पिण्याला त्याने काही होत नाही, उलट चव चांगली लागते. आरओचे मेम्ब्रेन क्षार अडवते, वायू अडवत नाही. तो सरळ पलीकडे जातो आणि डीआयच्या कांडीत बायकार्बोनेट होऊन ॲनायन रेझिन संपवतो. एक लिटर मिक्स्ड बेड रेझिन अशा पाण्यात जेमतेम ७५० लिटरपर्यंत टिकते. तुमच्या टाक्यांना बाष्पीभवनाची भर आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणे मिळून रोज सुमारे ९० लिटर लागत असणार. आठ-दहा दिवसांचा हिशेब तिथेच जुळतो.

उपाय स्वस्त आहे. विहिरीचे पाणी थेट आरओला देऊ नका. २०० लिटरच्या दोन प्लास्टिकच्या पिंपांत ते वरून शॉवरच्या जाळीतून पाडा आणि पिंपात मिनिटाला ४० लिटरच्या एअर पंपावर दोन एअर स्टोन (बारीक बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड) रात्रभर चालवा. सकाळी पीएच मोजा. वायू निघून गेला की पीएच आपोआप ७ च्या आसपास चढतो. साडेसहाच्या खालीच अडला, तर मार्बल चिप्स भरलेली एक कांडी पिंपानंतर लावा. उरलेला वायू चुन्याशी मिळून बायकार्बोनेट होतो आणि तो मेम्ब्रेन अडवते. पाण्याचा कडकपणा थोडा वाढेल, पण आरओपुढे त्याची फिकीर नको.

मग क्रम असा : ५ मायक्रॉनचा सेडिमेंट (गाळ अडवणारा) फिल्टर, कार्बन ब्लॉक, बूस्टर पंप, आरओ, डीआय. शंभर गॅलनचे मेम्ब्रेन दिवसाला जवळजवळ ३८० लिटर देते, म्हणजे तुमचे काम सहा तासांत होते. पण त्याला किमान ४ बार दाब हवा. परसातल्या उंच टाकीचा दाब त्याला पुरत नाही. कार्बन वगळायचा नाही : पावसाळ्यात कोणीतरी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतोच, आणि क्लोरीन मेम्ब्रेन कायमचे खराब करते.

दुसरी गोष्ट सिलिकाची. जांभ्याच्या पाण्यात ती असते, आणि रेझिन थकू लागले की सर्वांत आधी तीच सुटते. तिच्यामुळे वीज फारशी वाहत नसल्याने मीटर शून्यच दाखवत राहतो. टाकीच्या काचेवर तपकिरी भुकटीसारखा थर आठवडाभरात परत येऊ लागला, तर मीटरवर विश्वास न ठेवता रेझिन बदला. रंग बदलण्याची वाट पाहू नका.

जुन्या घरांतले पितळी नळ आणि जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप विहिरीपासून टाक्यांपर्यंत एकही नको. आम्लधर्मी पाणी तांबे आणि जस्त दोन्ही सोडवते. आरओ ते बहुतेक अडवते खरे. पण आरओनंतरच्या शुद्ध पाण्याला तर धातू ओढून घ्यायची सवयच असते. तिथे एखादा पितळी टी-जोड उरला, तर सगळी मेहनत वाया.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी सांगतो. फोंड्यात ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. २४ चौरस मीटरच्या छपरावरून गळती-वाया वगळूनही वर्षाला ५५ हजार लिटरच्या वर पाणी मिळते. तुमची गरज ३३ हजारांची. सगळे साठवणे कोणाला परवडणार नाही, पण पीव्हीसीच्या पन्हाळीला पहिले २० मिनिटांचे पाणी बाहेर टाकणारी पाइप आणि दोन हजार लिटरची टाकी जोडली, तर जून ते सप्टेंबर विहिरीला हात लावायची गरज नाही. कार्बन आणि डीआय मात्र त्यालाही लागतेच.

प्रश्न : ६ बाय ४ मीटरचे ग्रीनहाऊस बांधायचे आहे. पॉलीहाऊस बांधणारे जीआय सांगाडा, प्लास्टिक फिल्म आणि पॅड-फॅन कूलिंग (ओल्या पॅडमधून पंख्याने हवा ओढून गारवा) सुचवतात. चिलरचा, म्हणजे टाकीचे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा खर्च त्यात वाचेल का? (बार्देश)

उत्तर : वाचणार नाही. ग्रीनहाऊसची कल्पना थंड मुलखातली, तिथे ऊब धरून ठेवायची असते. आपल्याकडे ऊब बाहेर घालवायची आहे. म्हणून हे काचघर नव्हे, पारदर्शक छपराचा मांडव समजून बांधा.

पॅड-फॅन हवेला ओल्या थर्मामीटरच्या (ओले फडके गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो त्या) तापमानाखाली नेऊ शकत नाही. मेमध्ये ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असते, तेव्हा ते तापमान २८ च्या वर असते. कोरलना २५ ते २७ हवे. विहिरीच्या पाण्याची गुंडाळी टाकीतून फिरवण्याची युक्तीही इथे चालत नाही, कारण जमिनीखालचे पाणी वर्षभराच्या सरासरी हवेइतके, म्हणजे २७ अंशांच्या आसपासच असते. चिलर घ्यावाच लागेल; फक्त तो लहान पुरेल असे बांधकाम करा.

छपराला १० मिलिमीटरची ट्विन-वॉल (दुपदरी, आत पोकळ नळ्या असलेली) पॉलिकार्बोनेट. यूव्हीचा लेप असलेली बाजू वर, पोकळ नळ्या उताराच्या दिशेने, वरच्या कडेला ॲल्युमिनियम टेप, खालच्या कडेला हवा खेळणारी टेप. हे उलटे झाले तर पहिल्या पावसाळ्यातच नळ्यांत हिरवे शेवाळ दिसते आणि ते काढायचा मार्ग नाही. उतार २० ते २५ अंश. बाजू बंद करू नका; कीटकजाळी लावा आणि पश्चिम-दक्षिणेला गुंडाळता येणारा पडदा ठेवा, कारण पाऊस तिकडूनच आडवा येतो. आढ्याला हवेची फट सोडा. आणि माडाखाली मांडव घालू नका : नारळाला पॉलिकार्बोनेट पुरत नाही. २०२१ च्या मेमधल्या तौक्ते वादळाची आठवण ठेवून खांब चिऱ्यांच्या जोत्यात काँक्रीटने पक्के करा.

जीआय सांगाड्याचा दोष वेगळाच. पहाटे छताखाली दव धरते, जस्तावरून ओघळते आणि टाकीत टपकते. सांगाड्याला इपॉक्सी रंगाचे दोन हात द्या आणि आडव्या पट्ट्या टाक्यांच्या वर येणार नाहीत असे पाहा. स्क्रू ३१६ स्टीलचे. ३०४ ला खारी हवा डाग पाडते.

प्रकाशाचा हिशेब असा. दुपारच्या उन्हात पीएआर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाशाचे माप) सुमारे २,०००. पॉलिकार्बोनेटमधून ८० टक्के येतो, म्हणजे १,६००. ७५ टक्क्यांची शेडनेट लावली तर ४०० उरतो, पाण्याखाली त्याहून कमी. लेदर कोरलना ते दुपारच्या तासाभरापुरते चालते. मश्रूम कोरल कोपऱ्यातल्या सावलीत ठेवा. नेट छपराच्या ३० सेंटिमीटर वर, बाहेरून बांधा. आत बांधलेली नेट प्रकाश अडवते पण उष्णता घरातच सोडते.

जूनमध्ये ढग आले की नेट काढावी, नाहीतर कोरल उपाशी राहतात. खरी चूक त्यानंतर होते : सप्टेंबरमध्ये पहिले स्वच्छ ऊन पडते, नेट अजून माळ्यावर असते, आणि दोन दिवसांत कोरल पांढरी पडतात. गणपती विसर्जन झाले की नेट चढवायची, हा ठोकताळा ठेवा. त्याआधीच उघडीप दिसली तर त्याच दिवशी.

चिलर लिटरवर निवडू नका, उष्णतेवर निवडा. टाक्यांतल्या पाण्याचा पृष्ठभाग साडेआठ चौरस मीटर धरला, तर त्यावर नेटखालचे ऊन भर दुपारी १.७ किलोवॉट टाकते, पंप २०० ते ३०० वॉट. टाक्यांना बाहेरून ५० मिलिमीटर थर्मोकोल लावला तर सगळे मिळून ३ किलोवॉटच्या आसपास राहील. दीड हॉर्सपॉवरचा चिलर पुरे. थर्मोकोल नसेल तर पुरणार नाही. यंत्र मांडवाबाहेर सावलीत ठेवा, नाहीतर ते स्वतःचीच गरम हवा थंड करत बसते. साऱ्या विजेला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच. वीज गेल्यावर चिलर थांबला तर काही तास निभते, हवा थांबली तर नाही. बॅटरीवरचा एअर पंप वेगळा ठेवा.

पंचायतीचा परवाना आणि किनाऱ्याजवळ असाल तर सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) परवानगी खोदाईआधी घ्या. विहीर गोवा भूजल नियमन कायदा, २००२ खाली नोंदलेली आहे का, तेही तपासा.

प्रश्न : नेरूळच्या मिठागराचे मीठ आरओच्या पाण्यात विरघळवले तर समुद्राचेच पाणी होईल ना? (बार्देश)

उत्तर : नाही. मिठागरातले पाणी आटताना कॅल्शियम आधी जिप्सम होऊन खाली बसते, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियम बहुतेक उरल्या कडू पाण्यातच राहते. तुमच्या हातात येते ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. सोलकढीला उत्तम, कोरलना निरुपयोगी. रीफ सॉल्ट घ्या, लिटरला ३७ ते ३९ ग्रॅम. मीठ पाण्यात टाका, मिठावर पाणी ओतू नका. क्षारता हजारी ३५, म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व १.०२६.

प्रश्न : एप्रिलअखेर विहिरीला मचूळ चव येते, म्हणून बोअर घेतली. तिचे पाणी आधी स्वच्छ दिसते, तासाभरात तांबडे होते. कोणते वापरू? (काणकोण)

उत्तर : बोअरचे, पण लोह काढून. जमिनीखाली लोह विरघळलेल्या रूपात असते, हवा लागली की गंजाचे कण होतात. हे मेम्ब्रेनवर घडले तर ते महिनाभरात बुजते. फोंड्याच्या उत्तरातलीच पिंपे वापरा, मात्र मार्बलची कांडी आधी घ्या, कारण पीएच ७ च्या खाली लोह फार हळू बसते. रात्रभर हवा, चार तास निवळणे, तळाची वीतभर सोडून वरचे पाणी वाळूच्या फिल्टरमधून. आरओला जाताना लोह लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत हवे.

मचूळ विहीर मे महिन्यात उपसू नका; जितके ओढाल तितका समुद्र आत येतो. टाक्यांतून बदललेले खारे पाणीही विहिरीच्या वरच्या अंगाला ओतू नका. पाण्याची तपासणी वर्षातून दोनदा, एप्रिलअखेर आणि जुलैच्या मध्याला करा. दोन्ही वेळी विहीर वेगळीच असते.

प्रश्न : ग्रांदी बेटाजवळ डायव्हिंगला जातो. तिथला एखादा तुटका तुकडा आणून वाढवला तर चालेल का? (मुरगाव)

उत्तर : नाही, मेलेलाही नाही. सर्व दगडी पोवळी, काळी पोवळी, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शिक्षा किमान तीन वर्षांची. परदेशी दगडी पोवळ्यांना साइट्सची (वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराची) कागदपत्रे आणि पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरची नोंद लागते. म्हणूनच या सदरात आपण सॉफ्ट कोरलबद्दल बोलतो, आणि त्यांच्यासाठीही पावती व वन खात्याचे लेखी उत्तर फाइलला ठेवा.

प्रश्न : लेदर कोरलचे तुकडे गोंदाने चिकटत नाहीत, दोन दिवसांत सुटून कुजतात. (तिसवाडी)

उत्तर : कापल्यावर ते चिकट स्राव सोडते, त्यावर सुपरग्लू धरत नाही. तीन सेंटिमीटरचा तुकडा नव्या ब्लेडने एका फटक्यात कापा, वेगळ्या भांड्यातल्या टाकीच्याच पाण्यात दहा मिनिटे हलवा, मग प्लगवर (कोरल बसवायच्या छोट्या बुडख्यावर) ठेवून वरून नेटचा तुकडा रबर बँडने सैल बांधा. घट्ट बांधले की तिथूनच कुजते. प्रवाह चांगला आणि कार्बन ताजा ठेवा. दहा-चौदा दिवसांत तुकडा स्वतः धरतो. कापणे ३० अंश पाण्यात किंवा चिलर बंद असताना नको.

झोअँथिड (बटणांसारखी दिसणारी मऊ पोवळी) कापताना मात्र हातमोजे आणि चष्मा दोन्ही. त्यांतल्या पॅलिथोआ जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे तीव्र विष असते. त्यांनी भरलेला दगड उकळत्या पाण्यात टाकून किंवा ब्रशने घासून साफ करू नका. वाफेतून आणि तुषारांतून ते फुप्फुसात जाते. ब्लेड आणि भांडे ब्लीचच्या पाण्यात अर्धा तास बुडवा, आणि ते पाणी परसातल्या भाजीला घालू नका.