न्यूझीलंडची मोटरहोम आणि कोल्हापूरची भिशी

प्रश्न: शिरोली एमआयडीसीत माझं मशिनिंगचं छोटं वर्कशॉप आहे, पत्नी शिक्षिका आहे. मुलगी अकरावीत, मुलगा सातवीत. डिसेंबरअखेर चौघांनी न्यूझीलंडच्या साउथ आयलंडमध्ये १४ दिवस मोटरहोमने फिरायचा बेत आहे. विमानाचे ४ लाख ४० हजार, गाडीचं भाडं दिवसाला ३८० डॉलर. हॉटेल नाही, जेवण गाडीतच, म्हणून ८ लाखांत बसेल असं वाटतं. ऑक्टोबरमध्ये भिशीचे ३ लाख मिळतील. उरलेल्या ५ लाखांसाठी मुलीच्या शिक्षणाची एफडी मोडू की पर्सनल लोन काढू?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: नमस्कार. दोन्ही नको. बेत एप्रिलवर ढकला, गाडी १४ ऐवजी १० दिवस घ्या, आणि एफडीला हात न लावता जाऊन या. ट्रिप रद्द करा असं मी म्हणणार नाही. मुलं एवढी मोठी झाली की आई-बापाबरोबर एका गाडीत दहा दिवस राहायला पुढं तयार होतील की नाही, कुणास ठाऊक.

आधी तुमचे ८ लाख बघू. न्यूझीलंडचा डॉलर थोडा चढाच, ५५ रुपये धरतो. १४ दिवसांचं भाडं २ लाख ९३ हजार झालं. विमान मिळवलं की ७ लाख ३३ हजार इथंच संपले. म्हणजे राहिलेल्या सगळ्या गोष्टींसाठी तुम्ही जेमतेम ६७ हजार ठेवलेत, आणि मोटरहोमचा खरा खर्च त्या राहिलेल्या गोष्टींतच असतो.

भाड्यात साधा विमा असतो खरा, पण नुकसान झालं तर पहिले काही हजार डॉलर तुमचे. तेवढी रक्कम कंपनी गाडी देतानाच क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवते. ५,००० डॉलर म्हटले तरी पावणेतीन लाख. तुमच्या कार्डाची मर्यादा तेवढी आहे का? नसेल तर दिवसाला साधारण ५० डॉलर जादा मोजून जबाबदारी कमी करणारं संरक्षण घ्यावं लागतं. मी घ्याच म्हणेन. ते घेतल्यावरही करार वाचा: छत फांदीला घासलं, गाडीचं पोट दगडाला लागलं किंवा चुकीचं इंधन भरलं, तर बऱ्याच कंपन्या हात वर करतात. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स रोडवर तर भाड्याच्या गाडीचा विमा चालतच नाही. आपण करूळ घाटात गाडी घातलीय, आपल्याला काय त्याचं, असं मनात येईल. येऊ द्या, गाडी तेवढी घालू नका.

दुसरी गंमत डिझेलची. तिथं डिझेलवर रस्त्याचा कर पंपावर लागत नाही, तो किलोमीटरवर वेगळा भरायचा असतो. गाडी परत देताना कंपनी मीटर बघून बिलात लावते, शंभर किलोमीटरला आठ-नऊ डॉलर धरा. १,८०० किलोमीटर फिरलात तर इंधन आणि हा कर मिळून ३८ हजार. फुकट कुठंही मुक्काम ठोकता येतो हा समजही सोडा. फ्रीडम कॅम्पिंगला बहुतेक ठिकाणी गाडीचं ‘सेल्फ-कंटेन्ड’ (टॉयलेट, पाणी, सांडपाण्याची सोय गाडीतच असल्याचं) प्रमाणपत्र लागतं, आणि जागाही ठरलेल्या असतात. दोन मुलांसह गेल्यावर गरम पाणी आणि चार्जिंगसाठी दर दोन-तीन रात्रींनी वीज असलेला हॉलिडे पार्क लागतोच. सरासरी रात्रीला ७० डॉलर, १३ रात्रींचे ५० हजार.

त्यात व्हिसा, पर्यटकांकडून माणशी १०० डॉलर घेतली जाणारी लेव्ही आणि चौघांचा प्रवास विमा मिळून ८० हजार. अपघात झाला तर तिथली सरकारी एसीसी योजना पर्यटकाच्याही उपचाराचा भार उचलते, पण आजारपणाचा नाही, त्यामुळं विमा टाळू नका. किराणा ७० हजार, मिलफर्ड साउंडची बोट वगैरे ६० हजार. जादा संरक्षणासह बेरीज १० लाख ७० हजार, चलनबदलाची झळ धरून ११ लाख.

आता भिशी. तुमच्या पत्रावरून २० जणांची, महिना १५ हजारांची भिशी दिसते, आणि ऑक्टोबरचा हप्ता आठवा. म्हणजे मिळणाऱ्या ३ लाखांतले १ लाख २० हजार तुमचे, १ लाख ८० हजार बाकीच्या मेंबरांचे. ते पुढचे १२ महिने फेडायचेत. व्याज नाही म्हणून हे कर्ज वाटत नाही, एवढंच. त्यावर १३ टक्क्यांनं ३ वर्षांसाठी ६ लाखांचं पर्सनल लोन चढवलं (११ लाखांचं बजेट बघता ५ पुरणारच नाही), तर हप्ता २० हजार २०० आणि एकूण व्याज १ लाख २७ हजारांच्या वर. महिन्याला ३५ हजार बांधले गेले. तुमच्याकडे भिशीच्या हप्त्यासकट सगळं भागून ३० हजार उरतात, कर्जाचा हप्ता गेला की त्यातले दहाच हातात राहतील. जुलै २०२१ मध्ये महापुरानं शिरोलीपाशी पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता, हे तुम्हाला मी सांगायला नको. वर्कशॉप आठवडाभर थांबलं आणि पार्टीचं पेमेंट महिनाभर लांबलं, तर हप्ता कुठून देणार?

एफडी मोडल्यास दंड एखाद टक्क्याचा, तो फार नाही. पण इंजिनिअरिंगची फी ठरल्या तारखेला भरावी लागते आणि तेव्हा ५ लाख पुन्हा उभे करणं जड जाईल.

एप्रिलमध्ये तिथं शरद ऋतू असतो, पीक सीझन संपलेला. तुम्ही कळवलेल्या कंपनीच्याच साइटवर एप्रिलच्या तारखा टाकल्यावर तीच गाडी २२० डॉलरला दिसली. दहा दिवसांचे १ लाख २१ हजार. विमान ३ लाख ८० हजारांत जमवायचं. ईस्टर आणि तिथल्या शाळांच्या सुट्ट्या तेवढ्या चुकवा. क्राइस्टचर्च, टेकापो, वानाका, क्वीन्सटाउन, मिलफर्ड एवढं दहा दिवसांत निवांत होतं. सगळं धरून सव्वाआठ लाख. मुलीच्या बारावीच्या क्लासचे दोन आठवडे बुडतील, बुडू द्यात.

पैसे असे: भिशीचे ३ लाख, आठ महिन्यांची बचत २ लाख ४० हजार, आणि कुठल्याही उद्दिष्टाशी न बांधलेल्या तुमच्या ६ लाखांच्या इक्विटी फंडातले २ लाख. वर्षाहून जुनी युनिट्स विका. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही. कमी पडतील त्या ८५ हजारांसाठी त्याच एफडीवर कर्ज घ्या. ते एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच महाग पडतं आणि परतल्यावर तीन-चार महिन्यांत मोकळं होतं.

बुकिंग स्वतः करा. १ एप्रिल २०२५ पासून परदेशी रक्कम पाठवताना माणशी वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस (आगाऊ कापला जाणारा आयकर) नाही; टूर कंपनीचं पॅकेज घेतलंत तर तो पहिल्या रुपयापासून कापला जातो. रिटर्नमध्ये परत मिळतो, पण ऐन प्रवासाच्या वेळी पैसा अडकतो. तिथं कार्ड स्वाइप करताना ‘रुपयांत घेऊ का’ असं मशीन विचारेल, तेव्हा डॉलरच निवडा, नाहीतर दरात मार बसतो. आणि वहिनींचा कांदा-लसूण मसाला बॅगेत असेल तर देशात शिरताना भरायच्या फॉर्मवर तो जाहीर करा. लपवलेला सापडला तर जागेवर ४०० डॉलर दंड, म्हणजे २२ हजार.

व्हिसा हातात आल्याशिवाय परत न मिळणारं तिकीट काढू नका. त्याआधी एखादी कॅराव्हॅन भाड्यानं घेऊन दोन रात्री कोकणात काढून बघा. गाडीतल्या टॉयलेटची टाकी डम्प स्टेशनवर कोण रिकामी करणार, हा वहिनींचा प्रश्न तुम्ही पत्राच्या तळाला लिहिलाय. त्याचं उत्तर त्या दोन रात्रींतच ठरवा, आणि माझ्या मते ते काम तुमचंच आहे.