किल्ला कोणत्या देवाचा?

प्रिय मनू,

परवा आजीने फोनवर "यंदा किल्ला करणार ना गं?" असं विचारलं. फोन ठेवल्यावर तू मला धरलंस: दिवाळी लक्ष्मीची, रामाची, मग किल्ला कोणत्या देवाचा? तेव्हा माझ्या तव्यावर पोळी होती. आता नीट सांगते.

कुठल्याच देवाचा नाही. त्याला पूजा नाही, नैवेद्य नाही, गुरुजींना काही विचारायचं नाही. सहामाही परीक्षा संपली की पोरांनी करायचा तो उद्योग. वर शिवाजी महाराज बसले पाहिजेत, एवढंच पक्कं.

1990 च्या सुमाराला आम्ही पुण्यात, सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात भाड्याने राहायचो. मधे चौक, भोवती बिऱ्हाडं. एरवी चौकात चेंडूचा नुसता टप्पा पडला तरी मालकीणबाई कडाडायच्या. दिवाळीच्या आधी मात्र नळाशेजारचा कोपरा आमचा, आणि तिथल्या चिखलाबद्दल कोणी ब्र काढत नसे.

दगड-विटांचा डोंगर रचायचा. गोणपाट पातळ चिखलात बुडवून त्यावर पसरायचं, चुण्या पाडायच्या, म्हणजे दऱ्या होतात. वरून पुन्हा माती लिंपायची. नुसती माती थापली तर वाळून तडे जातात. मग पेरणी. मोहरी उतारावरून घरंगळते. अळीव भिजले की बुळबुळीत होतात आणि उभ्या कड्यालाही चिकटून बसतात. म्हणून कड्यांवर अळीव, खाली शेतात मोहरी. चार-पाच दिवसांत सगळं हिरवं.

चित्रं, म्हणजे मातीचे मावळे वगैरे, आणायला कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात जायचं. प्रमाणाचा पत्ता नाही! भाजीवाली बुरुजापेक्षा उंच, गुहेतला वाघ हत्तीएवढा. मावळ्यांचे तारेचे भाले घरी येईपर्यंत निम्मे वाकलेले. तरी दर वर्षी एक नवं चित्र घ्यायचंच, जुनी ट्रंकेत असायची.

खरी भांडणं कोणता किल्ला करायचा यावर. राजगडाला पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या, वर बालेकिल्ला. एकदा केला, तर संजीवनी थेट जोशीकाकूंच्या उंबऱ्याला टेकली आणि त्या चार दिवस माची ओलांडून ये-जा करत होत्या. त्यामुळे बहुतेक वेळा सिंहगड. तो पर्वतीवरून दिसायचा, आपलाच वाटायचा. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात राजगड आहे, सिंहगड नाही. आमच्या वाड्याला हे मुळीच पटलं नसतं.

संध्याकाळी पणत्या लावल्या की मोठी माणसं बघायला यायची आणि परीक्षा घ्यायची. "तानाजी कुठून चढला?" कडा दाखवता आला नाही तर हसं व्हायचं. 1670 हे साल मला शाळेत पाठ करावंच लागलं नाही.

आता आपलं बघ. इथे श्टुटगार्टला नोव्हेंबरात बाहेर काही उगवायचं नाही, तेव्हा खिडकीजवळ मोठ्या ट्रेमध्ये करू. तू बालवाडीत कापसावर क्रेसे पेरलं होतंस ना? ते अळीवच, बागेच्या दुकानात बी मिळतं. कॉफी भाजणाऱ्या दुकानात तागाचं पोतं मागून बघते. किल्ला कोणता ते तू ठरव. फक्त राजगड म्हणालीस तर बाबांना त्यांचं टेबल हलवायला तूच सांगायचं.

तुझी,
आई