‘वाइल्ड टेल्स’ या अर्जेंटिनाच्या चित्रपटाचा अभ्यास करताना नेमके काय पाहावे?

रसास्वाद अभ्यासक्रमातील निबंधासाठी तुम्ही ‘वाइल्ड टेल्स’ (मूळ स्पॅनिश नाव ‘रेलातोस साल्वाखेस’) निवडला आहे, आणि तुमच्या दोन अडचणी आहेत: सहा कथांमध्ये एकही समान पात्र नसताना ‘सर्व कथा सुडाच्या आहेत’ यापलीकडे काय लिहावे, आणि इतक्या हिंसक गोष्टींवर आपल्याला हसू का येते. आमच्या चित्रपट मंडळात या चित्रपटावर मी चर्चासत्र घेतले आहे, त्या अनुभवाच्या आधारे लिहितो. पुढे सर्व कथांचे शेवट उघड केले आहेत.

माझे म्हणणे असे की सूड कोण घेतो हा प्रश्न या चित्रपटात फारसा कामाचा नाही; सूड शेवटी कोणाला लागतो, हा प्रश्न धरून बसा. हिंदी चित्रपटांतील सूडकथांवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना एक हिशेब पाठ असतो: पहिल्या रिळात अन्याय, शेवटच्या रिळात त्याच माणसाकडून चुकती वसुली. दिग्दर्शक दामियान सिफ्रोन याने हा हिशेब सहा वेळा मांडून जवळजवळ प्रत्येक वेळी चुकवला आहे. घाव कधी भलत्यावर बसतो, कधी घालणाऱ्यावर उलटतो, कधी भलत्याच हातून घातला जातो. तुमच्या निबंधाची वीण येथून घालता येईल.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. चित्रपट 2014 चा आहे. त्या वर्षी तो कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता, पुढे ऑस्करच्या परभाषिक विभागात त्याला नामांकन मिळाले, आणि मायदेशात तर त्याने प्रेक्षकसंख्येचे विक्रम मोडले. निर्मात्यांमध्ये स्पेनचे पेद्रो आणि आगुस्तिन आल्मोदोवार हे बंधू आहेत, आणि संगीत गुस्ताव्हो सान्ताओलाया यांचे आहे. निबंधात ही माहिती एका परिच्छेदापेक्षा जास्त जागा खाणार नाही याची काळजी घ्या. परीक्षकाला ती माहीत असते.

पहिली कथा ‘पास्तेर्नाक’ श्रेयनामावलीच्याही आधी येते, आणि ती का तेथे आहे याचा विचार करण्यासारखा आहे. विमानातील एक तरुणी आणि शेजारच्या रांगेतील संगीत-समीक्षक गप्पा मारू लागतात. पास्तेर्नाक नावाचा एक अयशस्वी संगीतकार दोघांच्याही ओळखीचा निघतो, कारण ती त्याची जुनी प्रेयसी आहे आणि समीक्षकाने त्याच्या रचनेची चिरफाड केलेली आहे. मागून त्याची शाळेतील शिक्षिका बोलते, मग आणखी कोणी, आणि पाहता पाहता सर्वांच्या लक्षात येते की विमानातील प्रत्येकाने त्याला कधी ना कधी दुखावलेले आहे आणि तो स्वतः वैमानिकाच्या कक्षात दार लावून बसला आहे. त्याचा मनोविकारतज्ज्ञ दारावर थापा मारत ओरडतो की तुझ्या दुःखाला आम्ही कोणी नव्हे, तुझे आईवडीलच जबाबदार आहेत. पुढच्याच दृश्यात बागेत खुर्च्या टाकून बसलेले एक वृद्ध जोडपे दिसते, विमान थेट त्यांच्या अंगावर येते आणि चित्र गोठते.

या शेवटाकडे नीट पाहा. दोष कोणाचा, हे एका तज्ज्ञाने नुकतेच मोठ्याने जाहीर केले आहे, आणि विमान ठरल्याप्रमाणे त्याच दोषींकडे निघालेले आहे, म्हणजे निदान आईवडिलांपुरता पास्तेर्नाकचा नेम अचूक आहे. पण वैमानिक आणि हवाई सेविका यांनी त्याचे काय वाईट केले होते? सेविकेने म्हणे त्याच्याशी मैत्री करायला नकार दिला होता. सुक्याबरोबर ओलेही जळते, इतकेच नव्हे, तर ओले आणि सुके यांत फरकच न करणारी ही यादी आहे: प्रेयसीने केलेली प्रतारणा आणि शिक्षिकेने दिलेला नापास शेरा यांना एकच शिक्षा. हसू येते ते अपमान आणि शिक्षा यांच्या या विसंगत मापामुळे, आणि त्याहून अधिक, आपण स्वतःही मनातल्या मनात अशी एखादी यादी बाळगून असतो म्हणून. हे हसू किती पातळ बर्फावर उभे आहे याचा दाखला लवकरच मिळाला. 24 मार्च 2015 रोजी जर्मनविंग्ज कंपनीचे विमान सहवैमानिकाने फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात हेतुपुरस्सर कोसळवले आणि 150 जणांचा मृत्यू झाला. त्याच आठवड्यात हा चित्रपट ब्रिटनमध्ये प्रदर्शित होत होता, तेव्हा तेथील काही चित्रपटगृहांना प्रेक्षकांसाठी आधी सूचना लावावी लागली. चित्रपटातील एक चौकटही बदललेली नव्हती, बदलले होते ते आपले अंतर. काळ्या विनोदावर लिहिताना यापेक्षा नेमके उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

‘उंदीर’ ही दुसरी कथा सहांमध्ये सर्वांत साधी आहे. पावसाळी रात्री महामार्गावरील खानावळीत एकच गिऱ्हाईक येते, आणि तोच माणूस आपल्या वडिलांच्या आत्महत्येला कारणीभूत ठरला हे वाढपी मुलगी ओळखते. तुरुंगवास भोगून आलेली स्वयंपाकीण (रिता कोर्तेसे) उंदराचे औषध घालण्याचा सल्ला देते. मुदत संपलेले विष जास्त मारक असते की कमी, असा प्रश्न तेथे अगदी घरगुती सुरात विचारला जातो. जिचे घर उद्ध्वस्त झाले ती मुलगी शेवटपर्यंत कचरते, आणि जिचा या माणसाशी काहीही संबंध नाही ती स्वयंपाकीण सुरी चालवते. सूड येथे योग्य माणसाला लागतो, पण तो घेणाराच उसना असतो. मध्येच त्या माणसाचा मुलगा येऊन त्याच ताटातील तळलेले बटाटे खाऊ लागतो, तेव्हा नेम भलत्यावर लागण्याची भीती क्षणभर स्पष्टपणे पडद्यावर येते. याहून अधिक जागा या कथेला देऊ नये असे माझे मत आहे.

तिसऱ्या कथेवर मात्र थांबा. ‘सर्वांत बलवान’ ही कथा अर्जेंटिनाच्या वायव्येकडील साल्ता प्रांतातील ओसाड डोंगराळ रस्त्यावर घडते. नव्या कोऱ्या आउडीतील दिएगो (लिओनार्दो स्बाराग्लिया) जुनाट पेजो चालवणाऱ्या मारिओला ओव्हरटेक करताना शिवी हासडतो, आणि काही अंतरावर त्याचेच चाक पंक्चर होते. मागून मारिओ येतो, आपली गाडी आडवी लावतो, काच फोडतो आणि काचेवर चढून विधी उरकतो. येथवर आपण दिएगोच्या बाजूचे असतो. मग दिएगो मारिओला गाडीसकट नदीत ढकलतो आणि निघून जातो. कथा येथे संपू शकली असती, कारण तो सुटलेला आहे, रस्ता मोकळा आहे. पण मारिओच्या धमक्या कानात घेऊन थोडा पुढे गेल्यावर तो गाडी वळवतो. माझ्या मते संपूर्ण चित्रपटाचा अभ्यास या वळणावर करता येतो: त्या क्षणी त्याला कोणीही काहीही करत नसते, मागे वळण्यासाठी त्याच्याकडे मनातील खुन्नसशिवाय कारण नसते, आणि घाईघाईत बसवलेले चाक निखळून तोही त्याच नदीकाठी कोसळतो. गाडीच्या आत चाललेल्या मारामारीनंतर स्फोट होतो, आणि शेवटी दोन कोळसा झालेले देह एकमेकांना मिठी मारल्यासारखे सापडतात. तपास करणारा अधिकारी शांतपणे विचारतो की हा प्रेमातून झालेला गुन्हा तर नसेल ना. गाडीत आधी वाजलेले गुळगुळीत इंग्रजी प्रेमगीत आठवले की या विनोदाची तयारी किती आधीपासून केली होती ते कळते. वर्गभेदाविषयी लिहायचे असल्यास हीच कथा घ्या, पण श्रीमंत वाईट आणि गरीब चांगला अशी विभागणी करू नका. चित्रपट ती करत नाही.

‘बोंबिता’, म्हणजे छोटा बॉम्ब, ही कथा अर्जेंटिनाबाहेरही सर्वाधिक लोकप्रिय ठरली, आणि याच कथेकडे मी थोड्या संशयाने पाहतो. इमारती पाडण्यासाठी सुरुंग लावणारा अभियंता सिमोन (रिकार्दो दारिन) मुलीच्या वाढदिवसाचा केक घ्यायला थांबतो आणि त्याची गाडी उचलून नेली जाते. रस्त्याच्या कडेला बंदीची पिवळी खूण नव्हती हे तो पुन्हा पुन्हा सांगतो, पण खिडकीमागील कर्मचाऱ्याचे एकच उत्तर असते: आधी पैसे भरा. चूक तुमची असेल तर माफी मागण्याचे कार्यालय कोठे आहे, असे तो विचारतो आणि शेवटी अग्निशामक नळकांडे उचलून काचेवर हाणतो. नोकरी जाते, संसार मोडतो, आणि अखेरीस तो स्वतःच्याच गाडीत स्फोटके भरून ती उचलून नेऊ देतो. आवारात स्फोट होतो, कोणी मरत नाही, तो तुरुंगात जातो आणि लोकांचा नायक बनतो. ब्युनोस आयर्समध्ये गाड्या उचलण्याचे काम खासगी कंपन्यांकडे होते आणि त्याविषयी नागरिकांच्या मनात खदखद होती. त्याहून मागे जायचे तर डिसेंबर 2001 मध्ये सरकारने बँकांतील ठेवी काढण्यावर निर्बंध घातले, लोक रस्त्यावर उतरले आणि राष्ट्राध्यक्ष फेर्नांदो दे ला रुआ यांना पायउतार व्हावे लागले. ‘सगळेच चालते व्हा’ ही तेव्हाची घोषणा होती. खिडकीपलीकडील यंत्रणेविषयीचा हा राग सिमोनला नायक करणाऱ्या प्रेक्षकाच्या ओळखीचा आहे. सहांपैकी याच कथेत घाव माणसावर न बसता यंत्रणेवर बसतो आणि घालणाऱ्याला बक्षीसही मिळते. म्हणूनच ती सर्वांत सुखावह आहे, आणि म्हणूनच सर्वांत कमी प्रामाणिक. सरकारी खिडकीपुढे ताटकळलेल्या कोणाही मराठी वाचकाला ती आवडेल, पण आवडली हे निबंधाचे कारण होऊ शकत नाही.

‘प्रस्ताव’ या पाचव्या कथेत हसू कमी होत जाते. श्रीमंत घरातील मुलगा पहाटे एका गरोदर स्त्रीला गाडीखाली चिरडून घरी येतो. बाप (ऑस्कर मार्तिनेझ) आणि त्याचा वकील बागेची निगा राखणाऱ्या होसेला 5 लाख डॉलर देऊन गुन्हा अंगावर घ्यायला सांगतात. गाडीचे आरसे होसेच्या उंचीला जुळत नाहीत हे सरकारी तपास अधिकाऱ्याच्या लक्षात येते आणि मग त्याचीही किंमत ठरते. वकील आपला वाटा मागतो, होसेला समुद्राजवळ घर हवे असते, वरखर्चाचा आकडा निघतो, आणि बाप एका क्षणी भडकून व्यवहारच मोडतो. तेथे बसलेल्या माणसांमध्ये तत्त्वाचा भास होतो तो फक्त याच क्षणी, आणि तोही भाव पाडण्याचा डावच ठरतो: पुन्हा बोलणी होतात आणि सगळ्यांचे मिळून 10 लाख डॉलरांत भागते. मृत स्त्रीचा नवरा बाहेर गर्दीत उभा आहे. पोलीस होसेला बाहेर काढतात आणि नवरा त्याच्यावर हातोडा घालतो. चोर सोडून संन्याशाला फाशी ही आपली म्हण येथे शब्दशः घडते, फक्त संन्यासीही पैसे घेऊन आलेला असतो. सूड घेणाऱ्या नवऱ्याला आपण नीट पाहतही नाही, कारण संपूर्ण कथा घरातल्या सौदेबाजीत गेली आहे. कॅमेरा कोणाच्या घरात बसला आहे, हा प्रश्न या कथेपुरता तरी अवश्य विचारा.

शेवटचे लग्न (‘मृत्यू आपल्याला वेगळे करेपर्यंत’) ज्यू कुटुंबाचे आहे. नवऱ्याची प्रेयसी पाहुण्यांत बसली आहे हे रोमिनाला (एरिका रिव्हास) त्याच्या फोनमधील एका क्रमांकावरून भर मेजवानीत कळते. पुढील धुमाकूळ मी सांगत बसत नाही. एवढेच पाहा की सगळे संपल्यावर नवरा सुरी उचलतो. खानावळीतील सुरी आठवून प्रेक्षक श्वास रोखतो, आणि तो केकचा तुकडा कापून खातो. मग दोघे नाचू लागतात. घाव घालण्याची सगळी सामग्री हाताशी असूनही तो घातला न जाणारी ही एकमेव कथा आहे, आणि ती शेवटी ठेवली आहे. त्यांचा समेट खरा की फक्त दमणूक, यावर आमच्या मंडळात एकमत झाले नाही आणि ते व्हावे असे मला वाटतही नाही.

हसू का येते, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर विखुरलेले आहे. एक तांत्रिक मुद्दा जोडतो. श्रेयनामावलीत जंगली प्राण्यांची छायाचित्रे एकामागून एक येतात, त्यामुळे माणूस म्हणजे जनावर असे प्रेक्षकाला आधीच सुचवले जाते, आणि अनेक समीक्षणे त्यातच अडकतात. जनावर मात्र डूख धरून गाडी वळवत नाही, यादी करत नाही, आणि वकिलाची फीही ठरवत नाही. कथांतील विनोद या अत्यंत माणसाळलेल्या, शिस्तबद्ध वागण्यातून येतो, असे मांडलेत तर निबंध वेगळा होईल.

शब्दमर्यादा कमी असल्यास सहाही कथांना हात लावू नका. ‘पास्तेर्नाक’ आणि ‘प्रस्ताव’ या दोन घ्या, कारण पहिलीत घाव सर्वांवर एकदम बसतो आणि दुसरीत एका भलत्यावर, आणि दोन्हींत दोष कोणाचा हे ठरवणारा माणूस स्वतः सोयीने बोलत असतो: एकीत मनोविकारतज्ज्ञ, दुसरीत वकील. मूळ स्पॅनिश आवाजातच पाहा, इंग्रजी डबिंगमध्ये नको. कर्मचाऱ्याच्या आणि वकिलाच्या थंड सुरावर अर्धा विनोद अवलंबून आहे, आणि तो उपशीर्षके वाचतानाही ऐकू येतो.