वाचकांचे प्रश्न : नथीतला मोती कुठून आला?

प्रश्न : मी दादरच्या एका मराठी शाळेत सातवीला इतिहास शिकवते. शाळेत ‘जागतिक संस्कृती दिन’ साजरा करायचे ठरले असून, मुलांनी कागदी पिसांचे मुकुट आणि मण्यांच्या माळा घालून निरनिराळ्या देशांचे लोक व्हावे, अशी सूचना आली आहे. त्यातून मुले फारसे शिकतील असे मला वाटत नाही. दागिन्यांच्या आधारे जगातल्या संस्कृतींची ओळख नीट कशी करून द्यावी?
— एक शिक्षिका, दादर

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील आदिवासी समाजांमध्ये गरुडाचे पीस पराक्रमाने मिळवावे लागे. कागदी पिसे लावून मुलांना नाचवणे म्हणजे कोणीतरी खोटे शौर्यपदक छातीवर मिरवण्यासारखे आहे. न्यूझीलंडमधील माओरींचे ‘ता मोको’ हे गोंदण तर त्या व्यक्तीच्या वंशावळीशी जोडलेले असते, तेव्हा स्नेहसंमेलनासाठी ते गालावर रंगवणे अगदीच अयोग्य ठरेल. म्हणून वेशभूषा बाजूला ठेवावी आणि एकेक वस्तू घेऊन तिचा माग काढावा.

सुरुवात नथीपासून करा. तिच्यातले मोती कुठून येत असत, एवढा एकच प्रश्न फळ्यावर लिहा. जुन्या नथींमधले बसरा मोती पर्शियन आखातातून येत. तिथले पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगडाचे वजन अडकवून एका श्वासात तळाशी जात, शिंपले गोळा करीत आणि दोरीने वर ओढून घेतले जात. पुढे तो माल घेऊन आखातातले व्यापारी मुंबईच्या बाजारात येत. नाकातल्या मोत्यासाठी कोणीतरी नाक बंद करून समुद्रात उतरत होते, हे कळल्यावर वर्गातली निम्मी मुले आपापले नाक धरून श्वास रोखतील. रोखू द्या, घड्याळ लावा. मग जपानच्या मिकिमोतो कोकिची यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात मुद्दाम अर्धगोल मोती वाढवून दाखवला, पुढे असे संवर्धित मोती बाजारात आले आणि १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत आखातातला हा धंदा बसला, ही हकिगत सांगा. हा बायकांचा विषय म्हणून मुलगे कंटाळले, तर पुरुषांच्या कानातली भिकबाळी आठवून द्यावी. मोती तिच्यातही असतात.

पुतळ्यांच्या माळेचेही तसेच. व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्याला आपल्याकडे पुतळी म्हणत. त्या नाण्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक कोरलेला असे, हे चित्र दाखवल्यावर घरची माळ मुले जरा निरखून पाहतील.

दूरच्या संस्कृतींकडे जाताना अकीक हा मण्यांसाठी वापरला जाणारा दगड उपयोगी पडतो. गुजरातेतील खंभातच्या परिसरात हा दगड भाजून लाल करतात, कारण त्यातल्या लोहाचा रंग उष्णतेने पालटतो. सिंधू संस्कृतीतील कारागिरांनी घडवलेले असे मणी इराकमधील ऊर येथील राजघराण्याच्या थडग्यांत मिळाले आहेत आणि ती थडगी साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहेत. इतक्या कठीण दगडाला लांब, सरळ भोक कसे पाडले असेल, हे मुलांना आधी अंदाजाने लिहायला लावा.

आफ्रिकेकडे वळलात, तर मसाई स्त्रियांच्या रुंद गळपट्ट्यांमधले काचेचे मणी युरोपातून व्यापारात आले, हे जरूर सांगा. तेवढ्याने ते गळपट्टे कमी मसाई ठरत नाहीत, जशी व्हेनिसच्या नाण्यामुळे पुतळ्यांची माळ परकी होत नाही. मात्र ‘लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे आकाश’ अशी कोष्टके पाठ करून घेऊ नका. रंगांचे अर्थ गटागणिक आणि काळागणिक बदलतात. हिरवा चुडा कोण, कधी आणि का भरते, याचे उत्तर आपल्याकडेही एका ओळीत देता येत नाही.

सोने शाळेत आणायला कधीही सांगू नका. छायाचित्र किंवा घरी बसून काढलेले चित्र पुरेसे आहे, आणि ज्याच्या घरी दागिनेच नाहीत त्याने ताईत, करगोटा किंवा मनगटावरचा गंडा यांविषयी लिहावे. मंगळसूत्राचा विषय मात्र वर्गातल्या मुलांची घरे माहीत असतील, तरच काढावा.

सहलीसाठी भायखळ्याच्या राणीच्या बागेशेजारचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय निवडा. तिथे मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांच्या मातीच्या छोट्या प्रतिमा आहेत. मुलांनी नावाच्या पाट्या न वाचता आधी फक्त पागोटी, टोप्या आणि गळ्यातले जिन्नस वहीत काढावेत. पाट्या नंतर वाचाव्यात.