१:६ प्रमाणातील टायगर मॉथ या जुन्या ब्रिटिश द्विपंखी विमानाच्या रेडिओ-नियंत्रित प्रतिकृतीला किती वॉटची मोटर लावावी?
दीड मीटर पंखविस्ताराच्या आणि अडीच किलो वजनाच्या तुमच्या द्विपंखी प्रतिकृतीला सुमारे ५५० वॉटची, कमी केव्हीची (दर व्होल्टमागे कमी फेरे घेणारी) आउटरनर मोटर (जिचे बाहेरचे कवच फिरते) पुरते. किलोमागे २०० ते २२० वॉट हा छंदिष्टांमधला रूढ हिशेब आहे. चार सेलच्या १४.८ व्होल्ट लायपोवर (लिथियम-पॉलिमर बॅटरीवर) त्याचे साधारण ३७ अँपिअर होतात, म्हणून ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा भाग) ६० अँपिअरचा घ्यावा. पंखांमधले खांब आणि ताणतारा हवेला बराच अडथळा करतात, त्यामुळे छोटा पंखा (प्रोपेलर) गरगर फिरवण्यापेक्षा मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढे सरकणारा) पंखा सावकाश फिरवलेला बरा. बॅटरी अगदी फायरवॉलला (मोटर जिच्यावर बसते त्या पुढच्या भिंतीला) टेकवून बसवावी, म्हणजे तोल साधायला नाकात शिसे कमी भरावे लागते. मात्र तयार विमान तीन किलोंच्या पुढे गेले, तर हे आकडे अपुरे पडतील.