बाळाच्या पायाचा अंगठा वर का जातो?

प्रश्न : माझा नातू सात महिन्यांचा आहे. डॉक्टरांनी त्याच्या तळपायावर टाचेकडून वर रेघ ओढली, तर अंगठा वर गेला. मोठ्यांमध्ये हे चांगलं लक्षण नाही, पण बाळाच्या मज्जातंतूंवरचं वेष्टण अजून पुरं व्हायचंय, काळजी नको, असं ते म्हणाले. हे वेष्टण घालतं कोण? – एक आजी, सांगली

उत्तर : आजी, डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. त्या वेष्टणाला मायलिन म्हणतात. मेंदूत आणि मज्जारज्जूत ते घालतात ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी. या मज्जातंतूंच्या सोबतीला असणाऱ्या ग्लिया पेशींच्या कुळातल्या. ग्लिया म्हणजे सरस, चिकटवायला वापरतात तो! हे नाव मला कधीच पटलं नाही.

एम.एस्सी.ला असताना मी पांढऱ्या उंदरांच्या पिल्लांच्या मज्जारज्जूचे काप रंगवत असे. ऑलिगोडेंड्रोसाइटमध्ये सीएनपेझ नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते असेल तिथे तपकिरी रंग धरायचा. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लात पोटाकडच्या बाजूला थोडे ठिपके, बाकी काप फिका. दोन आठवड्यांच्या पिल्लात बाहेरचा सगळा भाग तपकिरी, फक्त पाठीकडे मधोमध एक तुकडा फिकटच. मेंदूचा हुकूम हातापायांपर्यंत नेणारा तंतूंचा जुडगा उंदरात तिथूनच जातो, आणि त्याच्या वेष्टणाची पाळी अगदी उशिरा येते. तो फिका तुकडा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो.

माणसात हा जुडगा मुख्यतः मज्जारज्जूच्या कडेने उतरतो, पण उशीर इथेही आहेच. मज्जारज्जूत मायलिन आईच्या पोटातच, साधारण पाचव्या महिन्याच्या सुमारास धरू लागतं. या जुडग्याचं काम मात्र दुसऱ्या वर्षापर्यंत चालतं. तोवर पायाच्या आपोआप होणाऱ्या हालचालीला आवरणारा मेंदूचा हुकूम नीट पोचत नाही, म्हणून अंगठा वर.

सीएनपेझचं खरं मोल २००३ साली कळलं. जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये क्लाउस-आर्मिन नावे या शास्त्रज्ञांच्या गटाने हे विकर नसलेले उंदीर तयार केले. मायलिन व्यवस्थित झालं, सूक्ष्मदर्शकाखालीही दोष दिसेना. पण पुढे आतले तंतू सुजले, झिजले, आणि उंदीर अकाली मेले. म्हणजे ही ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी तंतूला गुंडाळून मोकळी होत नाही, त्याला जन्मभर सांभाळते. अशा पेशीला सरस म्हणायचं?

नातवाच्या तळपायावर घरी पुन्हा पुन्हा रेघ ओढून पाहू नका. दोन वर्षांनंतरही अंगठा वरच जात असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.