वाचकांचे प्रश्न : कागदावरचं लढाऊ विमान

प्रश्न : विज्ञानकथेसाठी मी ‘ससाणा’ नावाचं काल्पनिक बहुउद्देशीय लढाऊ विमान आखलं आहे. पंखांचं क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, एकच इंजिन, आफ्टरबर्नरसह (इंजिनाच्या मागच्या नळीत जादा इंधन जाळून) रेटा ८.५ टन. रिकामं वजन ६.५ टन, पोटात २.५ टन इंधन, बाहेर ६ टन शस्त्रं. वेग मॅक ३ (ध्वनीच्या तिप्पट), सांगाडा कार्बन कॉम्पोझिटचा. काही चुकतंय का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी वजनाची बेरीज मांडा. ६.५, २.५ आणि ६ मिळून १५ टन झाले, आणि ढकलायला रेटा ८.५ टन. तेजस मार्क १ शी ताडून बघा : रिकामं वजन आणि इंजिनाची ताकद जवळपास तुमच्याइतकीच, पण पंख ३८ चौरस मीटरचे आणि उड्डाणाचं कमाल वजन १३.५ टन. तुमचा ससाणा त्याहून दीड टन जड, आणि पंख मात्र दोन-तृतीयांश.

तोकड्या पंखांची खरी किंमत उतरताना कळते. थोडं इंधन आणि न वापरलेली शस्त्रं धरून विमान ९ टनांचं होऊन परतलं असं माना. लिफ्टचा गुणांक (पंख किती उचल देतो याचं माप) १ धरला, तर २५ चौरस मीटरचा पंख त्याला ताशी २७३ किलोमीटरपर्यंतच तोलून धरतो. त्याखाली विमान पडतं. सुरक्षेसाठी २० टक्के जास्त वेग ठेवायचा म्हणजे ताशी ३२८ किलोमीटरने धावपट्टीकडे यायचं. पंख ३८ चौरस मीटरचा केला की हेच आकडे २२२ आणि २६६ होतात. फरक वेगात कमी वाटतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून छोट्या पंखाच्या विमानात ब्रेकना दीडपट ऊर्जा जिरवावी लागते. कथेत तुमचं विमान डोंगरातल्या आखूड धावपट्टीवर उतरणार असेल, तर ते पुढच्या कुंपणात जाईल.

मॅक ३ सोडून द्याच. ११ किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५६ अंश असले, तरी नाकाच्या टोकाशी हवा दाबली जाऊन तिचं तापमान मॅक १.८ ला ८४ अंश, मॅक २ ला ११७, तर मॅक ३ ला ३३३ अंश सेल्सिअस होतं. नेहमीच्या कार्बन कॉम्पोझिटमधलं, धागे चिकटवून धरणारं इपॉक्सी त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं, अ‍ॅल्युमिनियमही टिकत नाही. मिग-२५ या वेगाच्या जवळ जात असे, कारण त्याचा सांगाडा मुख्यतः पोलादाचा होता. तुम्ही मॅक १.८ वर थांबा.

इंधनाचाही हिशेब करा. आफ्टरबर्नर चालू असताना टनभर रेट्याला तासाला साधारण १.८ टन इंधन लागतं. म्हणजे पूर्ण रेट्यावर मिनिटाला अडीचशे किलो, आणि दहा मिनिटांच्या आत टाकी कोरडी. कथेतली झुंज दोन-तीन मिनिटांत आटपा.

शस्त्रं ३.५ टनांवर आणा, आणि त्यातच बाहेरच्या टाक्याही मोजा. हे हमखास विसरलं जातं. १,२०० लिटरच्या दोन टाक्यांत १.९ टन इंधन मावतं, उरले १.६ टन. त्यात ४५० किलोचे दोन बॉम्ब, १०५ किलोची दोन जवळच्या पल्ल्याची क्षेपणास्त्रं आणि २०० किलोचा लक्ष्यवेधी पॉड (लक्ष्य हेरणाऱ्या उपकरणांची नळी) बसवला की १.३ टन गेले. बाकीचं वजन रिकाम्या टाक्या आणि शस्त्रं टांगायच्या पायलननाच लागतं. ‘बहुउद्देशीय’ याचा अर्थ सगळं एकाच वेळी नेणं असा नाही. आज हवाई संरक्षण, उद्या बॉम्बफेक, आणि दोन्हींसाठी टांगणी वेगळी. ६ टन हवेच असतील तर राफेलच्या वाटेने जा : दोन इंजिनं, ४५.७ चौरस मीटर पंख, रिकामं वजन १० टनांच्या आसपास.

प्रश्न : तेजसला मागचा आडवा पंख नाही. मग तो स्थिर कसा राहतो? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तो मुद्दाम अस्थिर ठेवला आहे. ध्वनीच्या वेगापलीकडे गेल्यावर लिफ्टचा केंद्रबिंदू पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव भागावरून निम्म्यापर्यंत मागे सरकतो. आधीच स्थिर असलेलं विमान मग नाकाने इतकं जड होतं की नाक वर धरायलाच बरीच ताकद वाया जाते. गुरुत्वमध्य सुरुवातीपासून मागे ठेवला तर हा तोटा घटतो आणि वळणंही चपळ होतात. बदल्यात संगणक क्षणोक्षणी पंखाच्या मागच्या कडेचे एलेव्हॉन (वरखाली होणाऱ्या फळ्या) हलवत राहतो. यंत्रणा चार पदरी आहे : एका पदराचं मोजमाप इतरांशी जुळलं नाही तर बहुमत त्याला बाजूला काढतं. असं विमान कागदावर आखताना पुढच्या-मागच्या इंधनाच्या टाक्या आळीपाळीने रिकाम्या होतील असा क्रम लिहून ठेवा. फक्त पुढची रिकामी झाली तर गुरुत्वमध्य संगणकाच्याही आवाक्याबाहेर मागे जाईल.

प्रश्न : आता कमी ताकदीचं इंजिन बसवून पुढे मोठं बसवता येईल का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : येतं, पण हवा घेणारं तोंड आधीच मोठ्या इंजिनाच्या मापाचं हवं आणि शेपटात वाढलेलं वजन नाकात भरून काढावं लागतं. जर्मन अभियंते कुर्ट टांक यांनी हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आखलेलं मारुत हे लढाऊ विमान १९६१ मध्ये उडालं. सांगाडा ध्वनीच्या दुप्पट वेग डोळ्यांपुढे ठेवून आखलेला, पण मनातलं इंजिन आलंच नाही. शेवटपर्यंत प्रत्येकी सुमारे २.२ टन रेट्याच्या, आफ्टरबर्नर नसलेल्या दोन ऑर्फियस ७०३ इंजिनांवरच भागवावं लागलं, आणि तो वेग कधी गाठता आला नाही. तुम्ही आधी तयार असलेलं इंजिन निवडा आणि मग त्याच्याभोवती विमान आखा.